शेवटच्या घराचं ‘भरलं’

एप्रिल लागला की नळाला आवाज फुटतो. पाणी येण्याआधी पाइपातली हवा बाहेर पडते, तो आवाज. आधी सुस्कारा, मग खोकला, मग एक तांबूस गुळणी आणि मग धार. नांदेडच्या या भाड्याच्या घरात येऊन मला आता काही वर्षं झाली. गोदावरी इथून रिक्षानं थोड्या अंतरावर, पाण्याची वेळ बहुतेक ठरलेली. तरी तो सुस्कारा ऐकला की माझा हात आधी मोबाईलकडं जातो, कळशीकडं नंतर.

मोबाईलवर तेव्हा एकच शब्द लिहायचा असे. आलं.

ज्या गावात तो शब्द चालायचा त्याचं नाव मी लिहीत नाही. ते अहमदपूर नाही, जळकोटही नाही. लातूर-नांदेडच्या टापूतलं त्यांच्यासारखंच एक, एसटी स्टँड, मोंढा आणि दोन कॉलेजं असलेलं. माणसांची नावंही बदलली आहेत. पूर्वी मी असं केलं नसतं. कॉलेजच्या ऑफिसात हयात गेली. नाव, गाव, तारीख पूर्ण असल्याशिवाय मला कागद कागद वाटत नाही. पण त्या एका उन्हाळ्यानंतर नाव गाळायची सवय लागली. बाकीचं बरंचसं विसरलं गेलं, ही सवय राहिली.

ग्रुपचं नाव ‘पाणी’. एवढंच. तो मीच काढला होता. आमच्या गल्लीत पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं, आणि कधी येईल त्याचा पत्ता नसायचा. सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला, पाणी सोडणाऱ्या वॉलमनला जमेल तेव्हा. नोकरीवाली बाई घरात नसताना येऊन गेलं तर पुढचा आठवडा टँकरच्या मागं. म्हणून नियम केले. आधी भाग लिहायचा, मग एक शब्द. आलं, गेलं किंवा गढूळ. फुलं नाहीत, सुविचार नाहीत, वाढदिवस नाहीत. कुणी शुभ सकाळ टाकली की मी लिहायची, ‘पाण्याचं बोला.’ मागं लोक मला हेडमास्तरीण म्हणायचे. म्हणेनात.

चौथा शब्द माझा नव्हता. तो आपोआप आला.

आमची गल्ली चढावर. पाणी खालून वर चढतं, आणि खालच्या घरांनी नळातून पाणी ओढायला टिल्लू मोटारी लावल्या की वरच्या टोकाला नळ नुसता श्वास घेत बसतो. वरच्या टोकाचं शेवटचं घर नसरीन भाभींचं. त्या उर्दू शाळेत शिक्षिका. नवरा लातूरला एका दुकानात, आठवड्यानं यायचा. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणजे धुणं किती ते सांगायला नको. पहिल्याच उन्हाळ्यात भाभींनी एकदा लिहिलं, ‘माझा एक हंडा झाला, आता थेंब नाही. खालच्या मोटारी थोडं थांबतील का?’ मोटारी थांबल्या. थोड्या वेळानं वरून आलं, ‘भरलं. शुक्रिया.’

तेव्हापासून रीतच पडली. खालच्यांनी पिण्यापुरतं, स्वयंपाकापुरतं भरायचं आणि मोटार बंद करून थांबायचं. शेवटच्या घरातून ‘भरलं’ आलं की मग गच्चीवरच्या टाक्या, धुणी, झाडं. ठराव नाही, सही नाही, शिक्का नाही. कागदावर नसताना नीट चाललेली एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात पाहिली.

त्या थांबण्याची शांतता मला अजून ऐकू येते. एकेक मोटार बंद होत जायची आणि गल्ली अशी गप्प व्हायची की लिंबाचा मोहर पत्र्यावर गळतो तेही कळावं. मग वरून, भाभींच्या ओट्यावरून, पितळी हंड्यात पडणाऱ्या धारेचा आवाज यायचा. आधी जाड, घोगरा. हंडा भरत येईल तसा बारीक होत जाणारा. माझ्या शेजारच्या विमलकाकू दारात पाय पसरून बसलेल्या असायच्या. गुडघे गेलेले, कान शाबूत.

“झाला गं दुसरा,” त्या म्हणायच्या. “आता कळशी लावली बघ तिनं. मंगल, तुझा चहा ठेव, येतंयच ‘भरलं’.”

आणि मोबाईल वाजायचा.

तर तो उन्हाळा. परीक्षा चालू होत्या. आमच्या ऑफिसात हॉलतिकिटांचे गठ्ठे, पंख्याच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यावर ठेवलेले स्टेपलर, पेपरांच्या गोणपाटाचा आणि लाखेचा वास. स्टँडसमोर त्याच आठवड्यात मोठं होर्डिंग लागलं होतं. हात जोडलेले चेहरे आणि खाली, आता प्रत्येक घरी रोज पाणी. त्या होर्डिंगच्या सावलीत टँकर उभे राहायचे, कारण स्टँडवर दुसरी सावली नव्हती. आम्ही ते रोज बघायचो आणि पुढं जायचो. भाभींनी मात्र ग्रुपवर विचारलं, ‘होर्डिंगवर रोज पाणी लिहिलंय. आपला भाग त्यात आहे का? कुणी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात विचारून सांगेल का?’

एवढंच. मी त्या मेसेजला उत्तरही दिलं, ‘सोमवारी विचारते.’

सोमवार यायच्या आधीच त्या मेसेजचा फोटो कुठं कुठं फिरून आला. सकाळी हॉलतिकिटं लावता लावता पाहते तर ग्रुपमध्ये अनोळखी नंबर धडाधड येत होते. लिंक खुली असायची, नव्या भाडेकरूला लगेच येता यावं म्हणून. एकानं लिहिलं, ‘आमच्याकडे रोज पाणी येते. सरकारचे मनःपूर्वक आभार.’ दुसऱ्या नंबरवरून तेच वाक्य. तिसऱ्यावरून तेच. पूर्णविरामसुद्धा तिथंच.

विमलकाकूंना वाटलं, नवीन माणसं आलीत. त्यांनी आमच्या रीतीप्रमाणं विचारलं, ‘कोणता भाग?’

‘संपूर्ण तालुका.’

‘ते झालं. लाईन कोणती? जुन्या टाकीवरची का नव्या?’

‘काकू, चांगल्या कामाचं कौतुक करायला शिका.’

‘करते की. आधी नळ कोणता ते सांगा.’

मी ऑफिसात एकटीच हसले. काकू प्रत्येकाला तेच विचारत होत्या, न चुकता, सुनेला भाजीचा भाव विचारावा तसं. एकालाही आपल्या नळाचा पत्ता सांगता येत नव्हता. दुपारपर्यंत हसू राहिलं. मग त्यांनी काकूंना सोडलं आणि भाभींना धरलं. ही कोण, कुठल्या शाळेत, पगार कुणाचा खाते. पाणी पाहिजे तर तिकडं जा. भाभींचा शाळेच्या स्नेहसंमेलनातला फोटो, त्यावर लाल गोल. आणि एकानं लिहिलं, हे ‘भरलं, भरलं’ काय आहे? हा कोडवर्ड आहे, याची चौकशी झाली पाहिजे.

मी नंबर काढत होते. एक काढावा, चार यावेत. लिंक बंद केली तेव्हा उशीर झाला होता. आत कोण आपलं, कोण बाहेरचं, हेच कळेनासं झालं.

तिसऱ्या दिवशी, मला वाटतं आमची रीत वाचून वाचून, त्यांतल्या एकानं आमच्या भागाचं नाव घालून लिहिलं, ‘आलं.’ खाली दुसरा, ‘आलं. धन्यवाद.’ खाली आणखी दोघं-तिघं, जोडलेल्या हातांसकट.

आमच्याकडं ताजं पाणी आलं की शिळं ठेवत नाहीत. तळाशी उरलेलं ओतायचं, पिंप नारळाच्या काथ्यानं घासायचं, मग नवीन भरायचं. नळ उघडून आधी खात्री करावी, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. का यावं? इतकी वर्षं तो शब्द एकदाही खोटा निघाला नव्हता. शब्द आला की हात ओतायला लागायचे. त्या दुपारी अख्ख्या गल्लीनं शिळं पाणी ओतलं. समोरचे शिंदे सर पेपरवरची ड्यूटी दुसऱ्याच्या गळ्यात मारून सायकल हाणत आले आणि त्यांनी हौद मोकळा केला. मी पण अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले, मी पण ओतलं. तापलेल्या सिमेंटवर पाणी पडल्याचा तो वास, वाफ, उताराकडं पळणारे ओघळ, त्यात अनवाणी नाचणारी लेकरं. दिवाळीच्या सकाळी अंगणं धुतात तशी गल्ली दिसत होती.

मग आम्ही नळ सोडले. सुस्कारासुद्धा आला नाही.

“मंगलताई, लाईट नाही म्हणून असंल,” शिंदे सर म्हणाले. मोटार तर चालू होती त्यांची. कोरडी फिरून जळाल्याचा वास आला तेव्हा त्यांनी बटन बंद केलं आणि ते हौदाच्या काठावर बसून राहिले.

संध्याकाळी त्या ओल्या गल्लीचा फोटो सगळीकडं फिरला. वर लिहिलं होतं, रस्त्यावरून पाणी वाहतंय आणि म्हणे पाणी नाही. फोटो उंचावरून काढलेला. म्हणजे आमच्याच गल्लीतल्या कुठल्यातरी गच्चीवरून. कुणाच्या, ते मला आजही माहीत नाही. पण त्यानंतर गच्चीवर कुणी दिसलं की मी मान खाली घालायला लागले, आणि माझ्या गच्चीवर मी गेले की बाकीचे. वाईट शब्द तर बाहेरून आले होते. ते एक वेळ पुसता येतात. हे मान खाली घालणं पुसता येईना.

भाभी उतारानं खाली आल्या त्या कळशी घेऊन. त्यांनीही ओतलं होतं, आणि घरात सासूबाई. काकूंनी दारातूनच हाक मारली.

“ये इकडं. माझं पिंप तसंच हाय. गुडघ्यानं उठू दिलं न्हाई म्हणून वाचलं बघ.”

“काकू, तुम्हाला लागंल ना.”

“मला काय लागतंय एकटीला. घे. आणि त्या मोबाईलमधल्या मेल्यांचं वाचत बसू नको.”

“ते मुझे नहीं काकू, ते शाळेला पाठवून राहिलेत,” भाभी म्हणाल्या. आणि पिंपातून कळशी भरायला लागल्या.

शाळेतून खुलासा मागवला गेला. शासनाविरुद्ध अपप्रचार केल्याबाबत. खुलासे लिहिणं हे माझं रोजचं काम. संदर्भ, विषय, महोदय, उपरोक्त विषयान्वये. ऑफिसातली प्रत्येक भानगड मी दोन पानांत बसवलेली आहे. पण त्या दुपारी माझ्या स्वयंपाकघरात, ओट्यावर कागद ठेवून, आम्ही दोघी अडकलो. ‘भरलं’ म्हणजे काय, हे कसं लिहायचं?

“लिहा ना, पाणी भरलं,” भाभी म्हणाल्या.

“मग विचारतील, तुमचं भरलं ते गल्लीला कशाला सांगता?”

“म्हणजे खालचे मोटार लावतील म्हणून.”

“आणि खालचे तुमच्यासाठी का थांबतात?”

भाभींनी माझ्याकडं बघितलं. “हां,” त्या म्हणाल्या. “का थांबतात, ताई?”

मी लिहिलं, ‘सदर शब्द हा पाणीपुरवठ्याच्या वेळेसंदर्भात परस्पर सोयीसाठी वापरण्यात येत होता.’ येत होता. भूतकाळ माझ्याच पेनातून उतरला. भाभींनी सही केली आणि विचारलं, “माझे जुने मेसेज निघतात का, ताई? सगळे?” ते सगळ्यांच्या मोबाईलमधून निघत नाहीत हे मला सांगावं लागलं. नोकरी राहिली त्यांची. पण शाळेत अट घातली होती, तोंडी. त्याच संध्याकाळी ग्रुपवर राखाडी अक्षरात ओळ आली, नसरीन ग्रुपमधून बाहेर पडल्या. तिच्याखाली कुणीही काही लिहिलं नाही.

पुढच्या खेपेला पाणी खरंच आलं तेव्हा मी ‘आलं’ लिहिलं आणि त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. ज्यांनी नळ उघडून पाहिला त्यांनी थेट मोटारी लावल्या. ‘भरलं’ कुणी लिहिणारच नव्हतं, तर थांबायचं कुणासाठी आणि कुठवर? काकू भिंतीला धरून पायरीवर उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, “बंद करा रे मोटारी, वर बाई थांबलीय.” तीन-चार घरांनी केल्या. बाकीच्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. पूर्वी हे काम करायला ओरडावं लागत नव्हतं.

आम्हाला वाटायचं, ही रिकामटेकडी माणसं. कुणाला तरी आमचा राग आलाय. राग आला असता तर बरं झालं असतं. राग निवळतो. ते काय होतं ते मला नंतर माझ्या भाच्यानं सांगितलं, तेही जेवता जेवता. प्रवीण तिशीतला, लग्न झालेला, स्वभावानं गरीब. माझी बदली संस्थेच्या नांदेडच्या कॉलेजात झाली तेव्हा सामान लावायला आला होता. तो इथंच ‘सरकारी योजनांच्या प्रसिद्धी’चं काम करतो एवढं माहीत होतं. मी आमच्या ग्रुपचं सांगितलं तर तो वरणात भात कालवत म्हणाला, “मावशी, ते मनाला लावून घेऊ नको. ते पर्सनल नसतं.”

“म्हणजे?”

“सकाळी लिस्ट येते. आज हे विषय, ही वाक्यं, हे ग्रुप. कुणी प्रश्न विचारला की तिथं जायचं. दिवसाला इतके मेसेज झाले पाहिजेत. संपलं. माणूस कोण आहे ते आम्ही बघत पण नाही.”

“पैसे कोण देतं?”

“एजन्सी देते. एजन्सीला प्रसिद्धीच्या खात्यातून येतात. सरळ काम हाय.”

“आमच्या ग्रुपवर तू होतास?”

“न्हाई, लातूरची बाजू दुसऱ्यांकडं. मी नांदेडचं बघतो.” मग वाटी पुढं करत, “दही हाय का?”

मी दही वाढलं. विचारलं, “तुझ्या आईकडं पाणी कितव्या दिवशी येतं रे?”

“नवव्या,” तो म्हणाला. घास तोंडाकडं नेता नेता हात थांबला, मग गेला. “मावशी, दोन लेकरं हायेत मला.”

त्याच्यावर मला चिडता आलं नाही. मी पण आयुष्यभर याद्याच करत आले. सकाळी यादी, संध्याकाळी टिकमार्क. कुणाच्या तरी यादीत आमची गल्ली एक ओळ होती आणि तिच्यापुढं टिकमार्क झाला. ज्यानं केला तो घरी जाऊन जेवला असेल, त्याच्या बायकोनंही कुठंतरी नळाखाली हंडा लावला असेल. हे कळल्यापासून मला जास्त थकायला होतं. भांडायला कुणी समोरच नाही.

‘पाणी’ ग्रुप अजून आहे. आता त्यावर फुलं येतात, सुविचार येतात, वाढदिवस साजरे होतात. मी कुणाला काही म्हणत नाही. खरं काम मिस्ड कॉलवर चालतं, ही काकूंची युक्ती. पाणी आलं की काकू एक रिंग देऊन कट करतात, ठरलेल्या तीन-चार घरांना. शेवटच्या घरात भरलं की भाभी दोन वेळा रिंग देतात. शब्द नाही, म्हणजे फोटो काढून फिरवायला काही नाही. काकूंनी माझा नंबर त्यातून काढलेला नाही आणि मी त्यांना आठवण केलेली नाही. त्यामुळं नांदेडला, भलत्याच लाईनीवर बसून, मला माझ्या जुन्या गल्लीचं पाणी कळतं. काकूंची रिंग आली आणि योगायोगानं माझ्याही नळाला पाणी असलं तर मी पिण्यापुरतं भरते आणि मोटार लावत नाही. भाभींच्या दोन रिंगा येईपर्यंत थांबते. याला काही अर्थ नाही, मला कळतं. माझ्या मोटारीनं त्यांचं पाणी ओढलं जात नाही.

पण रिंगेला मर्यादा आहे. आलं म्हणता येतं, भरलं म्हणता येतं. गढूळ म्हणता येत नाही. आणि विचारायला तर रिंगच नाही.

परवा सकाळी काकूंची एक रिंग आली. मी कळशी लावली, मोटार बंद ठेवली, ओट्यापाशी थांबले. बऱ्याच वेळानं भाभींचा नंबर वाजला. एकदा. दोनदा. कट झाला नाही. वाजतच राहिला तेव्हा मी उचलला.

“ताई, गढूळ येऊन राहिलंय. लई. वास पण आहे. खालच्यांना कळलं नसंल, त्यांनी पहिल्या झटक्यात भरलं असंल. लेकरं पितील. मला तर ग्रुपवर लिहिता येत नाही.”

“फोटो आहे?”

धारेखाली पेला धरल्याचा आवाज आला. “पाठवते,” त्या म्हणाल्या.

फोटो आला. स्टीलचा पेला, आत चहासारखं पाणी. पेल्याच्या काठापर्यंत फोटो कापलेला. ओटा नाही, फरशी नाही, भिंत नाही, धरलेली बोटं नाहीत. हे घर कुणाचं ते कुणालाही कळू नये इतका जवळून कापलेला. मी तो नीट बघते न बघते तोच दिसेनासा झाला आणि त्याजागी ओळ आली, हा मेसेज डिलीट केला आहे.

मी ‘पाणी’ ग्रुप उघडला. वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता. त्याखाली आमच्या गल्लीचं नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं, ‘गढूळ. वास आहे. लेकरांना देऊ नका. तुरटी फिरवून, उकळून घ्या.’

मग शिंदे सरांचं आलं, ‘कुणी सांगितलं?’

साधा प्रश्न. पूर्वी असता तर भाभींनीच लिहिलं असतं, मी. आता तो विचारून शिंदे सरही बिचकले असणार, कारण ‘टायपिंग’ दिसलं आणि थांबलं. इथं लिहिलेलं नाव कुठून कुठवर जाईल ते कुणाला माहीत.

मी लिहिलं, ‘मी पाहिलं. मंगल.’ पुढं पूर्ण आडनाव लिहिलं, पद लिहिलं, सध्या मुक्काम नांदेड हेही लिहिलं. मग मोबाईल पालथा ठेवला. कळशी केव्हाची भरून वाहत होती, ती बाजूला केली. मोटार लावली नाही. दोन रिंगा अजून यायच्या होत्या.